निकाह आणि असत्याची दोन वस्त्रे

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

सर्व स्तुती विश्वाच्या पालनकर्त्या अल्लाहसाठी, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या कुटुंबीयांवर आणि सहाबांवर.

निकाहचा खुत्बा आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. मंडपात गडबड असते, मुले धावत असतात, खजुरांची ताटे तयार असतात. इमामसाहेब अरबीत पठण करीत असतात आणि आपण 'कबूल है' ऐकण्याची वाट पाहत असतो. त्या पठणात काय सांगितले जाते, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. त्या खुत्ब्यात पवित्र कुरआनच्या तीन सूरहमधील आयती पठण केल्या जातात : आले-इम्रान, निसा आणि अहजाब. तिन्ही ठिकाणी पहिली आज्ञा एकच आहे, अल्लाहचे भय बाळगा. आणि अहजाबच्या आयतीत (३३:७०) त्या भयाला जोडून आणखी एक आज्ञा आहे, ती म्हणजे सरळ व खरे बोलण्याची. अरबीत तिला 'कौल-ए-सदीद' म्हणतात. सदीद म्हणजे नेमका नेम धरलेले, वाकडे न जाणारे.

विचार करा, संसाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दोन जिवांना सरळ बोलण्याचीच आठवण का करून दिली जावी? कारण उघड आहे. माणूस एरवी बाजारात जितके वाकडे बोलत नाही, तितके तो निकाहच्या बोलणीत बोलतो. ज्या मंडपात ही आयत पठण केली जाते, त्याच मंडपात कित्येकदा अशी माणसे बसलेली असतात, ज्यांनी ते नाते जुळावे म्हणून महिनोन्‌महिने वाकडे बोललेले असते. आयत कानावर पडते आणि निघून जाते.

वरचा थर कोरडा, आत ओल

आपल्या पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात झाई हे गाव आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे ते उत्तरेकडील टोक. पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका लागतो. मासेमारी हा येथील जुना व्यवसाय. या किनाऱ्यावर बोंबील उन्हात सुकवतात आणि सुकी मासळी पावसाळ्यासाठी घरोघरी साठवली जाते, कारण १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. सुकी मासळी घेणारी जाणती बाई गोणीच्या वरचा थर पाहून कधीच पैसे देत नाही. ती आत हात घालते. वरचे बोंबील कडक आणि आतले ओलसर असतील, तर ती गोणी पावसाळ्यात सडणार, हे तिला ठाऊक असते. उन्हाळ्यात दोन्ही गोण्या सारख्याच दिसतात. फरक पावसात कळतो.

प्रेषित (स.) यांनी नेमके हेच केले होते. सहीह मुस्लिममध्ये प्रसंग आला आहे. ते बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. त्यांनी विक्रेत्याला कारण विचारले. तो म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि बजावले की जो फसवणूक करतो त्याचा आमच्याशी संबंध नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. धान्य भिजले हा त्या विक्रेत्याचा अपराध नव्हता. पाऊस अल्लाहच्या आज्ञेने पडतो. अपराध होता तो कोरडा थर वर ठेवण्याचा. माणसाचेही असेच आहे. मिळकत कमी असणे, शिक्षण अपुरे राहणे, प्रकृती नाजूक असणे, स्वभाव तापट असणे, आवडीनिवडी भिन्न असणे, यांपैकी काहीही आपल्याला निकाहसाठी अपात्र ठरवीत नाही. परंतु ते झाकून वर दुसराच थर पसरणे, हे मात्र त्या राशीसारखेच आहे. आणि धान्याच्या राशीत एका घरच्या चार दिवसांच्या जेवणाचा प्रश्न असतो. येथे दोन आयुष्यांचा आणि पुढे होणाऱ्या लेकरांचा असतो.

एक कल्पित प्रसंग

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. तो कल्पित आहे, पण आपल्यापैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल. या किनारपट्टीवरचा एक तरुण उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाला आहे. डहाणूकडच्या एका मुलीशी त्याची फोनवर ओळख होते. ती शिकलेली आहे, तिला शिक्षिका व्हायचे आहे. तो सांगतो, माझी नोकरी कायम आहे. ती विचारते, लग्नानंतर मला शिकवायला जाता येईल ना? तो म्हणतो, माझीही तीच इच्छा आहे. मनात मात्र त्याला ठाऊक आहे की आपल्या घरी सून बाहेर पडलेली आईला चालणार नाही आणि आईपुढे बोलण्याची आपली छाती नाही. तो तिला विचारतो, तुला आमचे एकत्र कुटुंब, आमचे किनाऱ्यावरचे गाव आवडेल ना? ती म्हणते, मला गावच आवडते. प्रत्यक्षात तिला सुकत्या मासळीच्या वासाने मळमळते आणि चार जावांच्या स्वयंपाकघराची कल्पनाही सहन होत नाही. तो फजरच्या नमाजबद्दल बोलतो, जी तो क्वचितच अदा करतो. ती सांगते की मला राग येतच नाही.

दोघांपैकी कोणीही दुष्ट नाही. दोघांनाही एकमेकांची ओढ आहे. तरीही निकाहच्या दिवशी जे दोन जीव एकमेकांना कबूल करतात, ते मंडपात आलेलेच नसतात. तिने ज्याला कबूल केले तो कायम नोकरीचा, धीट, नमाजी तरुण कोठेच नाही. त्याने जिला कबूल केले ती शांत, गावावर जीव असलेली मुलगीही कोठे नाही. आणि मग पहिला पावसाळा येतो.

माणूस असे का करतो?

दोष देणे सोपे आहे. कारण शोधणे अधिक उपयोगाचे, कारण रोगाचे मूळ कळल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

पहिले कारण नाकारले जाण्याचे भय. 'मी जसा आहे तसा समोर आलो, तर मला कोण पसंत करील?' हा प्रश्न वरवर नम्रतेचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी ईमानची दुर्बलता आहे. अन्न, वस्त्र आणि आयुष्य देणारा अल्लाह आहे, असे आपण मानतो. मग जोडीदार हाही त्याच्याच देण्यातला एक भाग आहे, हे आपण का विसरतो? जे आपल्या वाट्याचे आहे ते खोटे न बोलताही मिळेल. जे आपल्या वाट्याचे नाही ते खोटे बोलून हाती आले, तरी त्यात बरकत राहत नाही.

दुसरे कारण घाई. ओढ निर्माण झाली की माणसाला जोडीदार कसा आहे हे जाणून घ्यायचे नसते. तो मिळवायचा असतो. तेव्हा प्रश्न विचारणे नकोसे होते आणि खरी उत्तरे देणे धोक्याचे वाटते. इस्लामने निकाहपूर्वी एकमेकांना पाहण्यास मनाई केलेली नाही. माननीय मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी एका स्त्रीला मागणी घातली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना तिला पाहून घेण्यास सांगितले आणि त्यामुळे दोघांत स्नेह टिकण्याची शक्यता वाढते असे कारणही दिले. म्हणजे पाहणे, विचारणे, जाणणे हे सुन्नतला धरून आहे, आणि ते वडीलधाऱ्यांच्या माहितीने, मर्यादेत राहून व्हावे. रात्री-अपरात्री लपून चाललेल्या संभाषणात हेच घडत नाही. तेथे विचारणारा तिसरा कोणी नसतो, आणि जेथे तिसरा नसतो तेथे वरचा थर तपासायला आत हात घालणारेही कोणी नसते.

तिसरे कारण 'निकाहनंतर सगळे जुळेल' ही आशा. आज खोटे बोललो, उद्या ते खरे करून दाखवू, असे माणूस स्वतःला समजावतो. परंतु एकतर्फी ओढीने मने जुळत नाहीत. सहीह बुखारीत माननीय बरीरा (रजि.) आणि त्यांचे पती मुगीस (रजि.) यांचा वृत्तांत आहे. बरीरा दास्यातून मुक्त झाल्या आणि त्यांना तो विवाह पुढे चालू ठेवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार मिळाला. त्यांनी सोडण्याचे ठरवले. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत, अश्रू दाढीवर ओघळत. प्रेषित (स.) यांना दया आली आणि त्यांनी बरीरा यांना परत जाण्याविषयी सुचवले. बरीरा यांनी विचारले, ही आज्ञा आहे का? त्यांनी सांगितले की ही केवळ शिफारस आहे. तेव्हा बरीरा यांनी स्पष्ट नकार दिला. मुगीस यांचे प्रेम खरे होते, त्यात तिळमात्र खोट नव्हती. तरीही ते दोन मने जुळवू शकले नाही. मग खोट्यावर उभारलेली ओढ ते कसे करील?

चौथे कारण आपण वडीलधारे आहोत. स्थळ पाहताना आपण काय विचारतो? मुलाचा पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, मुलीचा रंग कसा, वय किती, देणेघेणे काय. प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे की स्त्रीशी विवाह चार गोष्टी पाहून केला जातो, धन, कुळ, रूप आणि धर्मपरायणता, आणि त्यांनी धर्मपरायणतेला पसंती देण्याचा उपदेश केला. आपण पहिल्या तिन्हींचा बाजार मांडतो आणि चौथीबद्दल एक प्रश्नही विचारीत नाही. ज्या बाजारात फक्त नाण्याचा झगझगाट पाहिला जातो, त्या बाजारात खोटी नाणी येणारच. मुलगा पगार फुगवून सांगतो, कारण आपण पगाराशिवाय काही विचारलेले नसते. मुलगी मन दडपून 'मला सगळे चालते' म्हणते, कारण खरे बोलणारी मुलगी आपण उद्धट ठरवलेली असते. त्यांचे खोटे त्यांच्या माथी आहेच, परंतु त्यातला आपला वाटा आपल्या हिशेबात लिहिला जाईल.

वस्त्र आणि वस्त्राचे सोंग

पवित्र कुरआनमध्ये (२:१८७) पती-पत्नीला एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्र अंगाला भिडलेले असते. ते दोष झाकते, ऊब देते, शोभा देते. पण ते अंगमापाचे असावे लागते, आणि माप खरे दिले असेल तरच ते अंगमापाचे शिवले जाते.

याच वस्त्राचा उल्लेख एका हदीसमध्ये अगदी दुसऱ्या अर्थाने आला आहे. माननीय अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) यांचे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका स्त्रीने विचारले की, पतीने मला जे दिलेले नाही ते दिले आहे असे मी सवतीला भासवले, तर त्यात काही पाप आहे का? प्रेषित (स.) यांनी उत्तर दिले की जे आपल्याला मिळालेले नाही त्याने आपण तृप्त आहोत असे दाखवणारा, असत्याची दोन वस्त्रे नेसलेल्या माणसासारखा आहे. भाष्यकारांनी याचा एक अर्थ असा सांगितला की उसन्या कपड्यांत तो श्रीमंत म्हणून मिरवतो. दुसरा अर्थ असा की तो साधुपुरुषांचे कपडे घालून धर्मनिष्ठ म्हणून मिरवतो. आपल्या काळात निकाहसाठी ही दोन्ही सोंगे घेतली जातात. कोणी श्रीमंतीचे, कोणी दीनदारीचे.

असत्याच्या वस्त्रांचा सर्वांत मोठा तोटा कोणाला होतो, हे जाणून घ्या. फसवल्या गेलेल्याला तर होतोच. पण जो ती वस्त्रे नेसतो त्याचे नुकसान अधिक खोल आहे. त्याला स्वीकारले जावे अशी त्याची इच्छा होती, आणि तीच कधी पूर्ण होत नाही. प्रेम त्याच्या सोंगाला मिळते, त्याला नाही. पत्नी प्रेमाने बोलते तेव्हा त्याला वाटते, ही माझ्याशी बोलत नाही, मी जो झालो होतो त्याच्याशी बोलते. अल्लाहने जोडीदार निर्माण करण्याचा हेतू सुकून, म्हणजे मनाची विश्रांती, असा सांगितला आहे (३०:२१). जो स्वतःच्या घरातही पहाऱ्यावर असतो, काल काय बोललो होतो याचा हिशेब ठेवत असतो, त्याला विश्रांती कोठली? दिवसभर राबून माणूस घरी येतो ते अंगावरचे बाहेरचे कपडे उतरवण्यासाठी. ज्याला घरातही ते उतरवता येत नाहीत, तो घरी आलेलाच नाही.

सरळ बोललेल्यांची उदाहरणे

आता ज्यांनी खरे माप दिले त्यांच्याकडे पाहू या. माननीय उम्मे सलमा (रजि.) विधवा झाल्या आणि त्यांना प्रत्यक्ष प्रेषित (स.) यांच्याकडून मागणी आली. याहून मोठा सन्मान कोणता? दुसरी कोणी असती तर आपले उणे झाकून ठेवले असते. उम्मे सलमा यांनी आधी आपल्या अडचणी सांगितल्या. माझा स्वभाव फार मत्सरी आहे, माझ्या पदरात मुले आहेत. आणि काही कथनांनुसार, माझे वयही झाले आहे. प्रेषित (स.) यांनी प्रत्येक गोष्टीचे उत्तर दिले. मत्सरासाठी अल्लाहकडे दुआ करू, आणि मुलांची जबाबदारीही त्यांनी आपली मानली. ज्या गोष्टी आपण लपवतो, त्याच येथे नात्याचा पाया झाल्या, कारण त्या आधी उघड झाल्या आणि त्यांवर उपाय निघाला.

दुसरे उदाहरण माननीय बिलाल (रजि.) यांचे. इतिहासकथनांत येते की त्यांचे एक भाऊ स्वतःला अरब म्हणवून घेत. त्यांनी एका अरब घराण्यात मागणी घातली. घराण्याने सांगितले, बिलाल येतील तर आम्ही विवाह करून देऊ. बिलाल (रजि.) गेले आणि म्हणाले की मी रबाहचा मुलगा बिलाल आणि हा माझा भाऊ, याचा स्वभाव व याची धर्मनिष्ठा चांगली नाही, तुमची इच्छा असेल तर विवाह करून द्या, नसेल तर सोडून द्या. त्या लोकांनी उत्तर दिले की तुम्ही ज्याचे भाऊ आहात त्याला आम्ही मुलगी देऊ. बंधूंनो, आज आपल्यापैकी किती जण सख्ख्या भावाच्या निकाहात असे बोलू शकतील? आणि पाहा, खरे बोलल्याने नाते तुटले नाही.

तिसरे उदाहरण सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. माननीय फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दोघांकडून मागणी आली होती. त्यांनी प्रेषित (स.) यांना विचारले. त्यांनी एकाविषयी सांगितले की तो निर्धन आहे, आणि दुसऱ्याविषयी सांगितले की तो खांद्यावरची काठी खाली ठेवत नाही. मग उसामा (रजि.) यांचे नाव सुचवले. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये, पाठीमागे बोलणे जेथे निंदा ठरत नाही अशा बाबींत विवाहविषयक सल्ल्याची गणना केली आहे. तेव्हा कोणी आपल्याकडे स्थळाची चौकशी करायला आले, तर 'चांगली माणसे आहेत' एवढे बोलून सुटका करून घेऊ नका. जितके आवश्यक तितके खरे सांगा, आणि त्याहून अधिक एक शब्दही बोलू नका.

पडदा आणि फसवणूक यांतील भेद

येथे कोणाच्या मनात शंका येईल, मग काय, आयुष्यातले प्रत्येक पाप समोरच्यापुढे मांडायचे? मुळीच नाही. ज्या चुकीवर अल्लाहने पडदा टाकला आणि जिच्याबद्दल माणसाने तौबा केली, ती उघड करणे शरीअतला मान्य नाही. 'मुवत्ता'मध्ये आले आहे की एका माणसाने आपल्या बहिणीला मागणी घालणाऱ्यापुढे तिचा पूर्वीचा अपराध बोलून दाखवला. माननीय उमर (रजि.) यांना ते कळले, तेव्हा ते त्याच्यावर अत्यंत संतापले की ते सांगण्याचे तुला काय कारण होते.

कसोटी सोपी आहे. जी गोष्ट मागे पडली आणि पुढच्या संसारावर जिचा भार पडणार नाही, ती अल्लाहच्या पडद्यात राहू द्यावी. जी गोष्ट उद्या जोडीदाराला सोसावी लागणार आहे, म्हणजे आजार, कर्ज, आधीचा विवाह, मिळकतीची खरी स्थिती, नमाजविषयीची वृत्ती, कोठे व कोणाबरोबर राहायचे, शिक्षण व नोकरी यांविषयीचे मत, ती आधी सांगावी. पहिली गोष्ट झाकणे म्हणजे लज्जा. दुसरी झाकणे म्हणजे ओल्या राशीवर कोरडा थर.

ज्यांचे नाते खोट्यावर उभे राहिले आहे

हे वाचणाऱ्यांत असेही कोणी असतील, ज्यांचा निकाह होऊन गेला आहे आणि ज्यांच्या अंगावर ती दोन वस्त्रे अजून आहेत. त्यांनी निराश होऊ नये. खोटे दीर्घकाळ निभावणे हा संयम नव्हे. शांत वेळ पाहून, दोष न लावता, सरळ बोला : मी तेव्हा हे खरे सांगितले नव्हते, मला भीती वाटली होती, मला क्षमा कर. मग ज्या गुणांचे सोंग घेतले, ते खरोखर अंगी आणण्याचा प्रयत्न करा. ज्याने नमाजचे सोंग घेतले त्याने आज फजरला उठावे. ज्याने पत्नीला शिकवू देण्याचे वचन दिले त्याने आईसमोर आदराने, पण ठामपणे बोलावे. वचन पाळले की कालचे खोटे आजचे सत्य होऊ शकते.

आणि प्रयत्न करूनही मने जुळली नाहीत, तर इस्लामने माणसाला आयुष्यभर कोंडून ठेवलेले नाही. माननीय साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने प्रेषित (स.) यांच्यापुढे मोकळेपणाने सांगितले की पतीच्या धर्माबद्दल वा आचरणाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांच्याबरोबर राहून मी कृतघ्न होऊ इच्छित नाही. त्यांनी महरमधील बाग परत केली आणि विभक्त झाल्या. कोणाची बदनामी नाही, कोणावर आळ नाही. आपल्या देशात १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानेही विवाहित मुस्लिम स्त्रीला ठराविक कारणांसाठी न्यायालयाचा मार्ग दिला आहे. परंतु हा शेवटचा मार्ग आहे. तेथवर जाण्याची वेळ येऊ नये म्हणूनच तर पहिल्या दिवशी ती आयत ऐकवली जाते.

उंबरठ्यावर

सरळ बोला ही आज्ञा दिल्यानंतर पुढच्याच आयतीत (३३:७१) अल्लाहने दोन वचने दिली आहेत : तो तुमची कर्मे सुधारील आणि तुमचे अपराध माफ करील. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी सरळ बोलणे, मग सुधारणा. आपण मात्र आधी सुधारल्याचे भासवतो आणि सरळ बोलणे पुढे ढकलतो.

पुढच्या वेळी आपल्या मुलासाठी वा मुलीसाठी बोलणी करायला बसाल, तेव्हा घरातून निघण्यापूर्वी त्या लेकराला जवळ बोलावून एवढेच सांगा : बाळ, जे आहे ते सांग. नकार आला तर तो अल्लाहचा निर्णय समजू, आणि होकार आला तर तो तुला आलेला असेल.

हे अल्लाह, आमच्या जिभांना सरळपणा दे. आमच्या मुला-मुलींना असे जोडीदार दे, ज्यांच्यासमोर त्यांना काही लपवावे लागणार नाही. ज्यांच्या घरात अविश्वासाची ओल शिरली आहे, त्यांची मने जोड. आम्हा वडीलधाऱ्यांना आमच्या बाजाराबद्दल क्षमा कर, आणि आमच्या घरांना ती विश्रांती दे जिच्यासाठी तू जोड्या निर्माण केल्यास. आमीन.